सुपरहिरो कॉमिक्स वाचायला कुठून सुरुवात करायची? (पहिल्या अंकापासून नको!)

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' शक्य तेवढे काढलेत. काही राहिलेत, सांभाळून घ्या.)

 

आजचा भाग म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर आहे, आणि थोडा माफीनामासुद्धा. प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा: "सिनेमे सगळे पाहिलेत. आता कॉमिक्स वाचायची आहेत. कुठून सुरू करू?" माफीनामा कशाचा, ते आधी सांगतो.

माझा एक मावसभाऊ आहे. बारावीनंतर त्याने एक वर्ष ड्रॉप घेतला होता आणि लातूरला क्लाससाठी खोली घेऊन राहत होता. दिवसभर फिजिक्स-केमिस्ट्री. एकदा रात्री त्याचा फोन आला, "दादा, झोपायच्या आधी अर्धा तास काहीतरी वेगळं वाचायचंय. तू ते बॅटमॅन वगैरे वाचतोस ना, मला सांग की काहीतरी." आता मी पडलो इंजिनिअर. मी काय केलं? एक्सेल शीट बनवली. एकशे चाळीस ओळी. कुठला अंक कुठल्या अंकानंतर, कुठला वगळला तर चालेल, कुठला अजिबात वगळायचा नाही, सगळ्याला वेगवेगळे रंग. दोन रात्री बसून बनवली, आणि फार अभिमानाने पाठवली.

त्याने अकरा ओळी वाचल्या. मग एक दिवस म्हणाला, "दादा, माझ्याच्याने नाही होणार हे. एक सिलॅबस आहे ना ऑलरेडी."

हे वाक्य मला चांगलंच लागलं. कारण बरोबर होतं. पोरगा अभ्यासातून अर्धा तास सुट्टी मागत होता आणि मी त्याला अजून एक पोर्शन दिला. आणि वाईट म्हणजे, मी स्वतःसुद्धा कॉलेजात असंच केलं होतं. होस्टेलवर ठरवलं होतं की बॅटमॅन वाचायचा तर १९३९ पासून, क्रमाने. दीड महिन्यात कंटाळून सोडला, आणि पुढची तीन वर्षं सुपरहिरो कॉमिक्सला हात लावला नाही. म्हणून आज हा विषय नीट मांडतो.

आधी हा पसारा कसा तयार झाला ते बघू

सुपरमॅन पहिल्यांदा छापला गेला तो 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात, जून १९३८ च्या. पुढच्या वर्षी 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७व्या अंकात बॅटमॅन आला. ही दोन्ही मासिकं पुढे कित्येक दशकं चालू राहिली. 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा १०००वा अंक २०१८ साली आला, 'डिटेक्टिव्ह'चा २०१९ साली. हे झालं डीसी कंपनीचं. तिकडे मार्व्हलमध्ये १९६१ साली 'फँटॅस्टिक फोर' आणि १९६२ साली स्पायडरमॅन आला. मार्व्हलने पहिल्यापासून एक गोष्ट जोरात केली: सगळी पात्रं एकाच जगात, बरीचशी एकाच न्यूयॉर्क शहरात. याच्या अंकात तो डोकावणार, त्याच्या अंकातलं भांडण याच्याकडे संपणार.

आता यात अडचण काय होते, ते माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगतो. समजा तुम्ही एका कंपनीत जॉइन झालात. तिथे ऐंशी वर्षं जुना कोडबेस आहे. शेकडो लोकांनी त्यात हात घातलाय, निम्मे आता या जगात नाहीत. डॉक्युमेंटेशन नाही. आणि सिस्टिम बंद करता येत नाही, कारण दर महिन्याला रिलीज आहे. सुपरहिरो कॉमिक्स म्हणजे हेच आहे.

वयाचंच बघा. पीटर पार्करला कोळी चावला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता, आणि साल होतं १९६२. हिशेबाने आज तो पंच्याहत्तरीच्या पुढे हवा. पण कॉमिक्समध्ये तो साधारण माझ्या वयाचा आहे. मग त्याचे जुने अनुभव नेमके कधी घडले? याचं उत्तर कोणाकडेच नीट नाही. काळ मागून मागून सरकवत नेतात, बस.

मधूनमधून कंपन्यांना वाटतं की आता साफसफाई करू या. डीसीने १९८५-८६ साली 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' नावाची बारा अंकांची मालिका काढली. मार्व्ह वुल्फमनचं लेखन, जॉर्ज पेरेझची चित्रं. तोपर्यंत डीसीच्या गोष्टी अनेक समांतर पृथ्वींवर घडत होत्या. त्या सगळ्या मोडून एकच पृथ्वी ठेवली. आपल्याकडे याला रिफॅक्टरिंग म्हणतात. आणि रिफॅक्टरिंगनंतर जे होतं तेच तिथे झालं: जुने बग गेले, नवीन आले. मग २०११ साली परत सगळं पुसून एकदम ५२ मासिकं पहिल्या अंकापासून सुरू केली. त्यात 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चाही आकडा परत एकवर आला. आणि २०१६ साली तेच मासिक पुन्हा जुन्या मोजणीवर जाऊन थेट ९५७वा अंक म्हणून निघालं! म्हणजे अंकाच्या आकड्यावरसुद्धा भरवसा ठेवायची सोय नाही.

सांगायचा मुद्दा असा की 'सगळं, क्रमाने' हा रस्ताच अस्तित्वात नाही. तो मलाही सापडला नाही, आणि जे तीस-तीस वर्षं वाचतायत त्यांनीही तो पूर्ण चाललेला नाही. तुम्हाला काहीतरी माहीत नाही म्हणून गोंधळ होतोय, असं अजिबात नाही. गोंधळ वस्तूतच आहे.

मग धरायचं काय? पात्र नव्हे, माणूस

आपण दुकानात जाऊन काय विचारतो? "बॅटमॅनचं काही आहे का?" प्रश्न इथेच चुकतो. बॅटमॅन स्वतःच्या गोष्टी लिहीत नाही. आज तो एकाच्या हातात असतो, दोन वर्षांनी दुसऱ्याच्या. एकाचा बॅटमॅन हुशार गुप्तहेर, दुसऱ्याचा चिडलेला म्हातारा, तिसऱ्याचा पोरांना सांभाळणारा बाप. 'मला बॅटमॅन आवडतो' म्हणणं म्हणजे 'मला राग यमन आवडतो' म्हणण्यासारखं आहे. ठीक आहे, पण कोण गातंय?

म्हणून एक शब्द शिकून ठेवा: 'रन'. एका लेखकाने एखाद्या मासिकावर सलग केलेलं काम म्हणजे त्याचा रन. ख्रिस क्लेरमाँटने एक्स-मेन १९७५ ते १९९१ लिहिलं, हा एक रन. महिन्याला येणारा अंक साधारण वीस-बावीस पानांचा. असे पाच-सहा अंक एकत्र बांधून जे पुस्तक निघतं ते ट्रेड पेपरबॅक. आपल्याकडे ऑनलाइन किंवा मोठ्या दुकानात जे मिळतं ते बहुतेक हेच. तेव्हा पुस्तक उचललंत की कव्हरवरचा हिरो बघून झाल्यावर खालची नावं बघा. लेखक कोण, चित्रकार कोण. आवडलं तर पुढचं पुस्तक त्या नावाचं घ्या, पात्र कुठलंही असो.

आणि चित्रकाराचं नाव लेखकाइतकंच महत्त्वाचं, हे मला फार उशिरा कळलं. १९६०च्या दशकात मार्व्हलमध्ये पद्धतच अशी होती की लेखक थोडक्यात कथानक सांगायचा, चित्रकार त्यावरून अख्खी गोष्ट पानांवर उभी करायचा, आणि संवाद शेवटी भरले जायचे. म्हणजे कुठला प्रसंग किती ताणायचा, कुठे थांबायचं, हे चित्रकार ठरवत होता.

उदाहरण देतो. 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा ३३वा अंक, १९६६ सालचा, चित्रकार स्टीव्ह डिटको. स्पायडरमॅन एका प्रचंड यंत्राखाली अडकलाय. वरून पाणी गळतंय. समोर, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर, त्याच्या आजारी मे काकूचं औषध पडलंय. एवढंच. दुसरा चित्रकार असता तर दोन पॅनलमध्ये यंत्र उचलून मोकळा झाला असता. डिटको पानामागून पान घेतो. पॅनल आधी अरुंद ठेवतो, मग हळूहळू मोठी करत नेतो, आणि यंत्र उचललं जातं तेव्हा पूर्ण पानभर एकच चित्र. आपण वाचताना आपोआप श्वास रोखून धरतो. तिथे खलनायक नाही, मारामारी नाही. एक मुलगा आहे आणि त्याच्यावर झेपणार नाही एवढं ओझं आहे. ड्रॉप घेतलेल्या पोराला मी हा एक अंक पाठवायला हवा होता, एकशे चाळीस ओळी नाही.

"पण मेलेले परत येतात ना? मग मजा काय?"

हा आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो, आणि तो खरा आहे. १९९२ साली डीसीने सुपरमॅनला मारलं. अमेरिकेत टीव्हीवर बातम्या झाल्या, लोकांनी दुकानांबाहेर रांगा लावल्या, लाखो प्रती खपल्या. पुढच्या वर्षी साहेब परत हजर! तेव्हापासून वाचक शहाणे झाले. आता कोणी मेलं की पहिला प्रश्न 'परत कधी येणार?'

मला विचाराल तर मरणाची भीती हा या गोष्टींचा कधीच खरा दोर नव्हता. 'हा वाचेल का?' हा प्रश्न कच्चा आहे, कारण उत्तर माहीत आहे. चांगला लेखक दुसरा प्रश्न विचारतो: 'हा आता काय करेल?' १९७३ साली 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या १२१व्या अंकात ग्वेन स्टेसी मेली. तो अंक आजही अंगावर येतो तो ती मेली एवढ्यासाठी नाही. पीटरने तिला वाचवायला जाळं फेकलं आणि कदाचित त्या झटक्यानेच तिची मान मोडली, म्हणून. पुढे त्या माणसाने जगायचं कसं? या प्रश्नाला कुठलीही कंपनी रीबूट लावू शकत नाही.

म्हणून माझा दुसरा नियम: सुरुवातीला संपलेली गोष्ट वाचा. जिला सुरुवात, मध्य आणि शेवट आहे, जी लिहिणाऱ्याने ठरवून संपवली आहे. चालू मासिकाचा ताजा अंक हा सगळ्यात शेवटचा दरवाजा. तिथून घरात शिरू नका.

तर, पाच पुस्तकं

क्रम महत्त्वाचा नाही. कुठलंही एक घ्या. एकाही पुस्तकासाठी आधी काही वाचावं लागत नाही.

एक: 'बॅटमॅन: इयर वन'. १९८७. लेखक फ्रँक मिलर, चित्रकार डेव्हिड माझुकेली. फक्त चार अंक, एका दुपारी होतं. नाव बॅटमॅनचं असलं तरी ही खरं म्हणजे जिम गॉर्डनची गोष्ट आहे. बदली होऊन एका भ्रष्ट शहरात आलेला पोलीस अधिकारी, घरी गरोदर बायको, ऑफिसात सगळे खाणारे, आणि याला खायचं नाहीये. वर तो स्वतःही काही धुतल्या तांदळासारखा नाही. पहिल्याच पानावर तो रेल्वेने शहरात येतो आणि ब्रूस वेन विमानाने. दोघांना शहर कसं वेगळं दिसतं, तिथेच कळतं. रिचमंड लुइसचे रंगही बघा, मातकट, थकलेले. हिंदी-मराठी पोलीसपट आवडत असतील तर हेच घ्या.

दोन: 'ऑल-स्टार सुपरमॅन'. २००५ ते २००८, बारा अंक. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली. सुपरमॅन म्हणजे बोअर, सगळंच जमतं त्याला, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. पहिल्याच अंकात कळतं की सूर्याची प्रमाणाबाहेर ऊर्जा शोषल्यामुळे तो आता मरणार आहे. मग उरलेल्या दिवसांत तो काय करतो, त्याची ही गोष्ट. त्याची जन्मकथा तर पहिल्याच पानावर चार चित्रांत आणि आठ शब्दांत उरकली आहे. ती जगाला माहीत आहे हे लेखकाला माहीत आहे. दहाव्या अंकात एक पान आहे. एक मुलगी इमारतीच्या कठड्यावर उभी आहे आणि सुपरमॅन तिच्यापाशी येतो. तो काय म्हणतो ते मी सांगणार नाही. पण हे पान वाचून आपल्याला धीर आला, असं लिहिणारे अनेक वाचक आहेत. मीही त्यातला एक.

तीन: 'मिस मार्व्हल', पहिला खंड. २०१४. जी. विलो विल्सन आणि एड्रियन अल्फोना. जर्सी सिटीतली सोळा वर्षांची कमला खान, आईवडील कराचीहून आलेले. ती सुपरहिरोंवर फॅन फिक्शन लिहिते, म्हणजे आपल्यातलीच. शक्ती मिळते तेव्हा तिची इच्छा असते गोरं, सोनेरी केसांचं, उंच दिसायची. तशी होते, आणि मग लक्षात येतं की ते कपडे टोचतात, केस तोंडात येतात आणि आतून काहीच बदललेलं नाही. रात्री बाहेर जायला 'नाही' म्हणणारे आईबाप, धार्मिक मोठा भाऊ, जेवणाच्या टेबलावरची बोलणी: हे घर तुम्हाला ओळखीचं वाटेल. या खंडाला २०१५ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. बहिणीला किंवा भाचीला भेट द्यायला एक नंबर.

चार: 'हॉकआय'. २०१२ ते २०१५. मॅट फ्रॅक्शनचं लेखन, मुख्य चित्रकार डेव्हिड आहा. अ‍ॅव्हेंजर्समधला तो धनुष्यबाणवाला सुट्टीच्या दिवशी काय करतो? तर ब्रुकलिनमधल्या आपल्या बिल्डिंगमधल्या भाडेकरूंना बाहेर काढू बघणाऱ्या गुंडांशी पंगा घेतो आणि जवळपास दरवेळी मार खातो. ११वा अंक पूर्णपणे त्याच्या कुत्र्याच्या नजरेतून आहे. कुत्र्याला माणसांच्या बोलण्यातले चारदोन शब्द कळतात. बाकी सगळं वास, आकृत्या आणि बाण जोडून दाखवलंय. फ्लोचार्ट काढणाऱ्या माझ्यासारख्यांनी तर हा अंक फ्रेम करून लावावा. हे सिनेमात करता येणार नाही, कादंबरीतही नाही. हे फक्त कॉमिक्समध्येच होतं.

पाच: 'इन्व्हिन्सिबल'. रॉबर्ट किर्कमन, चित्रकार कोरी वॉकर आणि रायन ऑटली. २००३ साली सुरू झालं आणि २०१८ साली १४४व्या अंकावर संपलं. खरंच संपलं! ज्यांना लांब मालिका हवी आहे, पात्रं म्हातारी व्हायला हवीत, मेलेली शक्यतो मेलेलीच राहायला हवीत, त्यांच्यासाठी. एक सूचना: भयंकर रक्तपात आहे, लहान मुलांच्या हातात देऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, "'वॉचमेन' कुठे आहे?" अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्सचं 'वॉचमेन' (१९८६-८७) हे थोर काम आहे, वाद नाही. नऊ पॅनलच्या ठराविक चौकटीत त्यांनी जे केलंय ते दहा वेळा वाचलं तरी नवीन दिसतं. पण ते सुपरहिरोंच्या विरोधातलं भाषण आहे. आधी बाजूचं भाषण ऐका, मग विरोधातलं. चार-पाच पुस्तकं झाली की नक्की वाचा, तेव्हा ते दुप्पट लागेल.

वाचायचं कसं?

हसू नका, हा खरा प्रश्न आहे. आपल्यापैकी बहुतेकांना अक्षरं वाचायची सवय आहे. आपण फुग्यातले संवाद भराभर वाचतो, चित्रांकडे ओझरतं बघतो आणि वीस पानं सात मिनिटांत संपवतो. मग वाटतं, पैसे फुकट गेले. एक प्रयोग करा. पान उलटलं की आधी संवाद न वाचता सगळं पान बघा. कुठलं पॅनल मोठं आहे? कुठे माणूस एकटा पडलाय? मग वाचा. आणि दोन पॅनलच्या मधल्या कोऱ्या पट्टीत काय घडलं ते मनात भरा. तिथलं काम वाचकाचं असतं.

संदर्भ कळला नाही, अनोळखी पात्र आलं, तर लगेच विकी उघडू नका. पुढे वाचा. रेल्वेत समोरच्या बाकावरच्या कुटुंबाची भांडणं ऐकताना आपण त्यांची वंशावळ विचारत नाही, तरी गोष्ट कळतेच ना?

नावं वाचा असं मी का म्हणतो

शेवटचा मुद्दा, आणि माझ्यासाठी सगळ्यात जवळचा. नावं बघायला मी सांगतोय ते फक्त चांगलं पुस्तक निवडता यावं म्हणून नाही.

सुपरमॅन बनवला जेरी सिगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडच्या दोन पोरांनी. पहिली गोष्ट विकली तेव्हा मिळाले १३० डॉलर, आणि त्या पैशात सगळे हक्क गेले. कंपनी मोठी झाली, हे दोघे कोर्टात लढत राहिले, म्हातारपणी हलाखीत दिवस काढले. १९७५ साली, मोठा सिनेमा येऊ घातला असताना आणि वर्तमानपत्रांतून बोंब झाल्यावर, दोघांना वर्षाला २० हजार डॉलरचं पेन्शन मिळालं आणि त्यांची नावं परत छापली जाऊ लागली. बॅटमॅनचं तर अजून वाईट. बॉब केनच्या पहिल्या कल्पनेत लाल पोशाख आणि ताठ पंख होते. केप, डोक्यावरचा मुखवटा, काळा-करडा रंग, ब्रूस वेन हे नाव, ही सगळी देणगी बिल फिंगरची. पण 'निर्माता' म्हणून छापलं जायचं एकट्या केनचं नाव. फिंगर १९७४ साली गेला. त्याचं नाव अधिकृतपणे जोडलं गेलं ते २०१५ साली. एकेचाळीस वर्षांनी! मार्व्हलचं निम्मं विश्व ज्याच्या पेन्सिलीतून उतरलं त्या जॅक कर्बीच्या कुटुंबाशी कंपनीची तडजोड झाली २०१४ साली. कर्बी जाऊन वीस वर्षं झाली होती.

मी कंपनीत कोड लिहितो. तो कोड माझा नाही, कंपनीचा आहे, कागदावर सही केलीये, पगार घेतो, तक्रार नाही. पण निदान गिटमध्ये माझं नाव दिसतं. फिंगरचं कमिट हिस्टरीतसुद्धा नाव नव्हतं. म्हणून मी पहिल्या पानावरची नावं वाचतो. लेखक, पेन्सिल, शाई, रंग, अक्षरं, सगळी. दहा सेकंद लागतात.

आणि हे आपल्याकडेही करा. आईबाबांना विचारा, इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ त्यांना नक्की आठवेल. १९६४ साली सुरू झालेली ती मालिका मराठीतही निघायची. पण वेताळ ली फॉक नावाच्या माणसाने १९३६ साली निर्माण केला, हे किती जणांना माहीत असतं? राज कॉमिक्सचा सुपर कमांडो ध्रुव हिंदीत वाचला असेल तर अनुपम सिन्हा हे नाव लक्षात ठेवा. लिहिलं आणि काढलं दोन्ही त्यांनीच.

आणि तो मावसभाऊ?

त्याला अ‍ॅडमिशन मिळाली, बरं चाललंय. मागच्या दिवाळीत पुण्याला माझ्याकडे आला होता. मी स्वयंपाकघरात चहा करत होतो आणि या वेळी मुद्दाम काही सुचवलं नव्हतं. बाहेर येऊन बघतो तर त्याने कपाटातून स्वतःच 'इयर वन' काढलेलं. सगळ्यात पातळ होतं म्हणून, असं म्हणाला. चहा गार झाला. संपवल्यावर म्हणाला, "दादा, हा गॉर्डन भारी आहे रे." मग पुस्तक उलटसुलट करून विचारलं, "हा माझुकेली कोण? याने अजून काय काढलंय?"

मी काही न बोलता 'डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन' काढून दिलं. १९८६ सालचं, तीच जोडी, मिलर आणि माझुकेली. एका वकिलाची नोकरी, घर, बँकेतले पैसे, सगळं काढून घेतलं तर तो कशावर उभा राहील, अशी गोष्ट. ते तो लातूरला नाही, आता होस्टेलवर घेऊन गेलाय. परत येईल अशी आशा नाही, आणि माझी हरकतही नाही.

ती एक्सेल शीट मी डिलीट केली. तुम्हीही यादी बनवू नका. वरच्या पाचातलं एक निवडा, एक संध्याकाळ द्या, आणि आवडलं तर कव्हरवरचं एक नाव मला कळवा. हिरोचं नको, माणसाचं. पुढच्या भागात तुम्ही पाठवलेल्या नावांवरच बोलू.

चला, भेटू मग. काळजी घ्या!